मोरीच्या तोंडाशी: एका काढणीच्या रात्रीचा घटनाक्रम

अर्ध्या हेक्टरचं तळं. पाण्यात अंदाजे चार टन व्हॅनामी कोळंबी, नग वीस ग्रॅमचा, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबात पन्नास काउंट. शंभरेक दिवस बीज, खाद्य, वीज, डिझेल यांवर पैसा ओतून वाढवलेलं हे पीक एका रात्रीत, मीटरभर रुंदीच्या मोरीतून, एका जाळ्यात उतरायचं असतं. आणि त्याच जाळ्याकडे सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. मला हे फार खुपतं. बीज कुठल्या हॅचरीचं, खाद्यात प्रथिनं किती, पाण्याचा सामू किती, हे सगळं वहीत रोजच्या रोज लिहिलेलं असतं. जाळ्याचं पान कुठल्याच वहीत नसतं.

पुढची रात्र कुठल्या एका तळ्याची नाही. पालघर-डहाणूकडच्या खाडीकाठी काढण्या ज्या क्रमाने बिघडू शकतात, तो क्रम एकाच रात्रीत मांडला आहे. वेळा वैशाख शुद्ध दशमीच्या आहेत. खाडीवरच्या कामाचा हिशेब तिथीशिवाय लागत नाही.

पंधरा दिवस आधी

मालक जाळीच्या दुकानात फोन करतात : ‘मोरीला लावायची पिशवी हवी. बिनगाठीची, वीस एमएम.’

बिनगाठीची जाळी मागितली हे चांगलं झालं. गाठीच्या जाळीत कोळंबीच्या डोक्यावरचा काटा आणि मिशा अडकतात, साल खरचटते, आणि खरचटलेल्या जागी बर्फातही काळे डाग धरतात. गोंधळ झाला तो ‘वीस एमएम’ या शब्दांत. जाळ्याचा आस, म्हणजे एकेक छिद्र, दोन तऱ्हांनी मोजतात. एक, गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंतची एक बाजू; बिनगाठीच्या जाळ्यात जोडापासून जोडापर्यंत. दुसरी, आस पूर्ण ताणून समोरासमोरच्या दोन टोकांमधलं अंतर. दुसरं माप पहिल्याच्या बरोबर दुप्पट येतं. मालकांच्या मनात पहिलं माप होतं, दुकानदाराने दुसरं धरलं. आलेल्या जाळ्याची बाजू निघाली दहा मिलिमीटर.

मालकांनी जाळं हातात घेतलं आणि म्हणाले, ‘बारीक आहे. बरंच झालं, काही निसटणार नाही.’

इथे थांबून थोडा हिशेब करायला हवा होता. दोन मिलिमीटर जाडीचा दोरा आणि वीसची बाजू असेल, तर जाळ्याच्या दर्शनी क्षेत्रापैकी साधारण ८१ टक्के जागा पाण्याला मोकळी मिळते. बाजू दहावर आली की तीच जागा ६४ टक्के होते. हे कोऱ्या, स्वच्छ जाळ्याचं. शेवाळाचा एकेक धागा अडकू लागला की लहान आस आधी बुजतो. बुजलेलं जाळं पाण्याला अडवतं, आणि अडलेल्या पाण्याचा सगळा रेटा जाळ्याच्या शिवणीवर येतो. आस निवडायची रीत साधी आहे. पागात, म्हणजे फेकजाळ्यात, आलेली दहा-बारा कोळंबी घ्यायची आणि डोक्याकडून आसात घालून बघायची. डोकं शिरत नसेल त्यातला सगळ्यांत मोठा आस घ्यायचा. मोठा घेतला तर कोळंबी अर्धी शिरून अडकते, तिला काढता काढता डोकं तुटतं. उगाच लहान घेतला तर पाणी अडतं.

आपल्या किनाऱ्यावर हे शहाणपण जुनं आहे. ठाणे-पालघर-रायगडचे कोळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल नावाचं जाळं लावतात. डोलीचा आस सगळीकडे सारखा नसतो. तोंडाशी मोठा, मग पायरीपायरीने लहान होत जातो आणि शेवटच्या खोल्यात सगळ्यांत बारीक. पाणी वरच्या मोठ्या आसांतून निघून जातं, मासळी खोल्यात जमते. मोरीची पिशवीही अशीच शिवून मिळू शकते. आलेली पिशवी तोंडापासून शेवटापर्यंत दहाचीच होती.

दोन दिवस आधी

तळ्याच्या चार कोपऱ्यांत पाग टाकून नमुना काढला. साली बोटांनी दाबून पाहिल्या, मऊ नग अगदी थोडे निघाले. औषधांच्या अवशेषांची काढणीपूर्व तपासणी झालेली होती. तारीख ठरली दशमीची.

या तारखेमागे एक पेच आहे आणि तो नीट सांगायला हवा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओहोटी खूप खाली जाते, तळं चांगलं रिकामं होतं. पण बरेच शेतकरी सांगतात की, त्याच सुमारास कोळंबी मोठ्या संख्येने कात टाकते, आणि मऊ सालीच्या मालाला भाव पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. साल कडक मिळते, पण ओहोटी अर्धवट उतरते आणि मोरीतून पाणी रेंगाळत जातं. दशमी म्हणजे भांग नुकता सरलेला. सालीसाठी उत्तम दिवस, पाण्यासाठी बेताचा.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण, आणि तिथून सहा तासांहून थोडं पुढे, रात्री पावणेदोनला सुकती. त्यानंतर पाणी पुन्हा चढू लागणार आणि तीन वाजेपर्यंत बाहेरच्या कालव्याचं पाणी मोरीशी येऊन टेकणार. म्हणजे काढणी तीनच्या आत उरकायची. तारीख ठरवणाऱ्यांना हे माहीत होतं.

दुपारी १ : अनर्थाआधी १३ तास

सकाळपासून खाद्य बंद आहे. दिवसाच्या ओहोटीत वरचं पाणी सोडलं, १२० सेंटिमीटरवरून ८० वर आणलं. एरेटर चालू आहेत. इथवर सगळं रीतसर.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. पाणी उतरलं तसं वैशाखाचं ऊन तळापर्यंत पोचलं. तळावरच्या शेवाळाच्या थरात प्राणवायूचे बुडबुडे धरले, थर सुटले आणि गोधडीच्या तुकड्यांसारखे वर येऊन वाऱ्याबरोबर मोरीच्या कोपऱ्यात जमले. हे शेवाळ हाताने काढायला दोन माणसं आणि तासभर वेळ पुरला असता.

संध्याकाळी ५ : अनर्थाआधी ९ तास

लोखंडी चौकटीला पिशवी बांधून चौकट मोरीच्या बाहेरच्या खाचेत बसवली. पिशवी सहा मीटर लांब, शेवटी खोला, त्याला सुटी गाठ. शिवण पाहिली असती तर दिसलं असतं की बारीक जाळं थेट दोरीवर टाचलं आहे. मध्ये जाड जाळ्याची पट्टी नाही. पिशवी फाटते ती बहुतेक वेळा तोंडाच्या शिवणीत, कारण सगळी ओढ तिथे एका ओळीवर येते.

पिशवीच्या शेपटाखाली खड्डाही खणलेला नव्हता. बाहेरचा कालवा ओहोटीला जवळजवळ सुका पडतो. खोल्याखाली कमरेइतकं पाणी साठून राहील असा खड्डा असला की कोळंबी पाण्यात तरंगत राहते आणि पिशवीचा भार हलका होतो. खड्डा नसेल तर ती एकमेकींच्या अंगावर, कॉंक्रीटवर पडते. मोरीच्या आतल्या बाजूला शेवाळ अडवायला बांबूची चाळणही नव्हती. दुसरी पिशवी हाताशी ठेवलेली नव्हती.

काढणीच्या टोळीने आपलं ओढजाळं बांधावर आणून टाकलं. जाळं आधीच्या तळ्यावरून तसंच ओलं आलं होतं. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू असाच ओल्या जाळ्यांवरून, क्रेटवरून एका तळ्यातून दुसऱ्यात जातो. जाळं क्लोरीनच्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवल्याशिवाय फाटकाच्या आत घेऊ नये. त्या संध्याकाळी हे कोणी विचारलंही नाही.

रात्री ९ : अनर्थाआधी पाच तास

मोरीत पाणी अडवणाऱ्या फळ्यांपैकी पहिली फळी निघाली. पाणी शांतपणे निघालं आणि कोळंबी त्याबरोबर येऊ लागली. व्हॅनामीचा हा स्वभाव काढणीच्या सोयीचा आहे. टायगर कोळंबी तळाशी बसते, चिखलात रुतून राहते. व्हॅनामी पाण्याच्या सगळ्या उंचीवर फिरते आणि रात्री वाहत्या पाण्याबरोबर बाहेर पडते. गोव्याच्या खाजणांत मानशीच्या, म्हणजे तिथल्या मोरीच्या, तोंडाला जाळं लावून ओहोटीला कोळंबी धरतात, ती पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत याच हालचालीवर उभी आहे.

दर चार-पाच मिनिटांनी दोघे जण खोल्याची गाठ सोडतात, माल क्रेटमध्ये, क्रेट लगेच बर्फाच्या पाण्यात. कोळंबी थंडीने क्षणात निपचित होते, साल चकचकीत राहते. साडेअकरापर्यंत ८०० किलो माल उतरला. अशीच चालती तर ही उत्तम काढणी होती.

रात्री ११.३० : अनर्थाआधी दोन तास वीस मिनिटं

बर्फ संपला. पहिल्या गाडीत टनभरच होता, दुसरी गाडी महामार्गावरच्या कोंडीत अडकली. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, ‘शेठ, बर्फाशिवाय माल काढू नका, मी घेणार नाही.’ त्याचं बरोबर होतं. वैशाखातल्या उकाड्यात बर्फाविना अर्धा तास राहिलेला माल हाताला लागतो.

फळी पुन्हा बसवली. तळ्यात ६० सेंटिमीटर पाणी आणि तीन टनांहून जास्त कोळंबी. एवढ्या उथळ पाण्यात एरेटरची पाती तळ उकरू लागतात, म्हणून ते बंद केले होते. सुपरवायझरने मीटर बुडवला, लिटरमागे ४.३ मिलिग्रॅम प्राणवायू. आणखी एक-दोन तास निघतील असा आकडा होता, पण आता तो फक्त खालीच जाणार होता. अंधारात शेवाळही प्राणवायू बनवत नाही, उलट खातं.

खरं तर याच वेळी निर्णय बदलता आला असता. फळ्या वरपर्यंत लावायच्या, राखून ठेवलेलं पाणी आत घ्यायचं, एरेटर सुरू करायचे आणि काढणी पुढच्या रात्रीवर ढकलायची. पण राखीव पाण्याचं तळं नव्हतं. खाडीचा पंप ओहोटीत कोरडा पडला होता. ज्या ओहोटीच्या भरवशावर तळं रिकामं करायचं, तीच ओहोटी ताजं पाणी तोडते. म्हणून सुटकेचं पाणी आधीपासून शेजारी साठवलेलं असावं लागतं.

रात्री १.१० : अनर्थाआधी ४० मिनिटं

बर्फ आला. पावणेदोनला सुकती, तीनला मोरी बंद. आत अडीच हजार घनमीटरांहून जास्त पाणी. मीटर ३.१ दाखवत होता.

‘एकेक काढत बसलो तर उरकणार नाही. तीन फळ्या एकदम काढा.’

वाहत्या पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. जी शिवण नऊ वाजता आरामात काम करत होती, तिच्यावर आता कितीतरी पट भार आला. त्यात कोपऱ्यात जमलेलं शेवाळ एकदम मोरीकडे ओढलं गेलं आणि दहा मिलिमीटरच्या आसांवर चिकटलं. पिशवीच्या तोंडाशी पाण्याचा फुगवटा आला, बाहेरच्या बाजूला धार बारीक झाली. जाळं बुजल्याची ही उघड खूण. तेव्हा फळी घालून पाणी तोडायचं आणि पिशवी उलटी झटकून धुवायची असते. पण माल धो-धो येत होता. चाळीस मिनिटांत ९०० किलो. एवढा माल येताना दिसला की हात थांबत नाही.

डोलीवरचा माणूस भर प्रवाहात खोला उचलत नाही, पाणी थांबायची वाट पाहतो. मोरीवर तीच वाट आपल्या हातात असते, फळी घालायला एक मिनिट पुरतं.

रात्री १.५०

शिवण तोंडाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुटली. बांधावरच्यांना आधी काही कळलंच नाही. खोल्याशी उभ्या असलेल्या दोघांना पिशवी अचानक हलकी लागली. कोणीतरी बॅटरी मारली तर कालव्यातलं पाणी उसळत होतं, कोळंबीच्या डोळ्यांचे लाल ठिपके खाडीच्या दिशेने धावत होते.

फळ्या घालायला धावले. चौकट बाहेरच्या खाचेत तिरकी होऊन अडकली होती. आतल्या खाचेत फळी उतरेना, कारण पाण्याचा जोर तिला आडवी फेकत होता. शेवटी वाळूची पोती टाकून मोरी बुजवली, त्याला पंधरा मिनिटं गेली. पाणी खाली जातं तशी कोळंबी मोरीकडे दाटत येते, म्हणून ही पंधरा मिनिटं सगळ्यांत महाग होती. अंदाजे टनभर माल गेला.

तो माल गेला कुठे, हाही प्रश्न आहे. व्हॅनामी इथली नव्हे. तिचं मूळ घर प्रशांत महासागराचा पूर्व किनारा, मेक्सिकोपासून पेरूपर्यंत. भारतात चाचण्यांनंतर २००९ मध्ये तिच्या शेतीला परवानगी मिळाली. ती खाडीत सुटू नये, तिच्याबरोबर तळ्यातले रोग स्थानिक कोळंबीपर्यंत पोचू नयेत, म्हणून बाहेर जाणाऱ्या पाण्यावर एकामागे एक जाळ्या हव्यात. पिशवीच्या पुढे कालव्यात दुसरी उभी जाळी असती, तर टनातला बराचसा माल तिथेच अडला असता, आणि खाडीवर जगणाऱ्या शेजाऱ्यांच्या पाण्यात ही कोळंबी गेली नसती. त्या शेजाऱ्यांना या रात्रीची खबरही नाही.

रात्री २.३० : अनर्थानंतर ४० मिनिटं

आत ४० सेंटिमीटर पाणी, साधारण तेराशे किलो कोळंबी. मीटर २.४. टोळीचा म्होरक्या म्हणाला, ‘ओढजाळ्याने काढून देतो.’ दहा जण उतरले.

हे ओढजाळं टायगरच्या काळातलं. चिखलात बसलेली कोळंबी उठवायला खालच्या दोरीला भरपूर शिसं, वरची भिंत बुटकी. व्हॅनामीला याच्या उलट जाळं हवं. ती उड्या मारते, म्हणून बोयांची दोरी पाण्यावर चांगली उंच राहावी, आणि खालची दोरी तळाला नुसती घासत जाईल इतकीच जड. बुटक्या भिंतीवरून कोळंबी पावसासारखी पलीकडे पडली. शिशाच्या दोरीने शंभर दिवसांचा काळा गाळ नांगरला. विष्ठा, उरलेलं खाद्य, टाकलेल्या साली यांतून तयार झालेला हा थर हवेवाचून कुजलेला असतो. तो हलताच कुजक्या अंड्यांचा वास बांधापर्यंत आला. हा हायड्रोजन सल्फाइड. पाण्यात तो अगदी थोडा असला तरी कोळंबीला विष, आणि उठलेला गाळ उरलासुरला प्राणवायूही शोषून घेतो.

मऊ तळाच्या तळ्यात, एवढ्या कमी पाण्यात, ओढजाळं उतरवूच नये असं माझं ठाम मत आहे. पाग टाकणारी आठ माणसं कोरड्या बांधावरून आणि कडेच्या पाण्यातून काम करत राहिली असती, तर माल हळू आला असता पण जिवंत आला असता.

दुसऱ्या ओढीत जाळं गाळाने इतकं जड झालं की जागचं हलेना. निघाला दीडशे किलो माल, कल्ले काळे झालेला.

रात्री ३.४५ : अनर्थानंतर जवळजवळ दोन तास

कोळंबी पृष्ठभागावर आली. मिशा पाण्याबाहेर, कडेला रांगा. मग उड्या थांबल्या. मीटर ०.९. एरेटर चालवून पाहिला, पात्यांनी गाळच उडवला.

पहाटे ५.१५ : अनर्थानंतर जवळजवळ साडेतीन तास

भरतीचं पाणी पोत्यांपर्यंत चढलं. पोती काढली, खाडीचं पाणी आत आलं, मीटरचा आकडा मोरीजवळ चारवर गेला. तोवर तळाशी पांढरा थर पडला होता. मेलेली कोळंबी उबदार पाण्यात झपाट्याने बिघडते. डोक्यातली पाचकग्रंथी आधी सुटते, मग डोकं लोंबतं, मांस भुसभुशीत होतं.

सकाळी ७

व्यापाऱ्याने रात्रीचे सतराशे किलो ठरलेल्या भावाने घेतले. ओढजाळ्याचे दीडशे किलो निम्म्याहून कमी भावात. पहाटे वेचलेला माल त्याने नाकारला. तो विकायचा प्रयत्न न करता बांधाच्या आत खड्डा घेऊन चुना टाकून पुरायचा, मोरी बंद ठेवायची, उरलेलं पाणी क्लोरीन दिल्याशिवाय खाडीत सोडायचं नाही. दिवसभर तेच काम चाललं.

मालकांनी फाटलेली पिशवी बांधावर पसरली. जाळं कुठेही तुटलं नव्हतं. सुटला होता तो टाचा, पाऊण मीटर लांबीचा. दहाच्या आसांत शेवाळ आणि तुटलेल्या मिशा गच्च बसल्या होत्या, नखाने काढूनही निघेनात.

शेजारच्या तळ्याची काढणी चार दिवसांवर होती. ती चतुर्दशीला पडत होती, म्हणजे मऊ सालीच्या धास्तीत, म्हणून ती वद्य पंचमीवर नेली. दोन पिशव्या सांगितल्या. तोंडाशी बाजूने पंचवीस मिलिमीटर, शेपटाला पंधरा, सगळ्या शिवणींवर जाड जाळ्याची वीतभर पट्टी. चिठ्ठीवर चौकोन काढून कुठली बाजू मोजायची ते दाखवलं, आणि चिठ्ठीबरोबर बर्फात ठेवलेली दहा कोळंबी दुकानात पाठवली. कालव्यात खड्डा खणायला त्याच दुपारी माणसं लागली.